मोठ्याबाबांचा दात

राळेगाव
२ जुलै २०२४

चि. प्रेरणास मोठ्याआईचे अनेक आशीर्वाद.

तुह्या फोनाचा मले काही उपयोग नाही बाई. कानाले लावते तर आतून नुसतं घूं घूं येते. अंकुर म्हणते, कानाची मशीन घे. मी म्हणलं, आधी तुह्या बाबाचा दात होऊ दे, मंग माहे कान. म्हणून कागद घेतला. सातवीपर्यंत शिकली ते आता कामात येऊन राह्यलं.

तर दात. तुहे मोठेबाबा सध्या गावभर दात दाखवत फिरून राह्यले. चहाच्या टपरीवर जाते, वरचा ओठ उचलते अन् म्हणते, "पाहा, पुतणीनं छापला. पेपर छापते तसा छापला." लोकं हासते. एक जण म्हणे, "काका, माह्या बायकोचं अख्खं तोंड बदलून छापून भेटन का?" याईले मजाक समजलीच नाही. म्हणे, "विचारतो प्रेरणाले." तर विचारून राह्यली, भेटन का?

बाथरूमात पडले तवा तुटलेला तुकडा मी औषधाच्या डबीत आणला होता, त्याचं तू बरं केलं. त्याच्यावरची खाच तू जशीच्या तशी नव्या दातात काढली, त्याचा त्याईले लय आनंद हाय. जिंदगीभर कापसाचे गाठोडे बांधले अन् सुतळी दातानंच तोडली. विळा कमरेले असायचा, तरी दातानं. तिथंच खाच पडली. आता ते खाच जिभेनं चाचपते अन् म्हणते, "हा माहाच हाय." जिभेले थोडी लागते म्हणे, पण होईन सवय.

विसरणं मात्र वाढलं. काल जेवून उठले अन् मले म्हणे, "बेबी, आज सैपाक नाही का?" माहं नाव ध्यानात हाय, तेवढं बस झालं. अंकुरले त्याईनं विचारलं, "तुमी कोण्या गावचे?" पोट्टा कोठ्यात जाऊन रडला. मी पाह्यलं, पण नाही पाह्यल्यासारखं केलं.

एक सांग. डॉक्टरबाई म्हणल्या दात कायमचा हाय. कायमचा म्हणजे कुठवर?

तुही मोठीआई


यवतमाळ
९ जुलै २०२४

ती. मोठ्याआईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. बायकोचं तोंड छापून मागणाऱ्या त्या माणसाला सांग, आधी बायकोची सही घेऊन ये.

कायमचा म्हणजे कुठवर, असं तू विचारलंस, म्हणून आधी दात कसा होतो ते सांगते. डॉक्टर मॅडम तोंडात पेनासारखा कॅमेरा फिरवतात. इकडे माझ्या पडद्यावर मोठेबाबांचं सगळं तोंड उभं राहतं, खालचे, वरचे, घासून झिजलेले, सगळे. मग मी पडद्यावरच दात घडवते. मशीनमध्ये दाट दुधासारखं रेझिन असतं, त्यात चिनी मातीची बारीक भुकटी. त्याच्यावर उजेड पडला की एक पापुद्रा घट्ट होतो, मग त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. तू भिंत सारवताना हातावर हात देतेस ना, तसं. नंतर धुवायचं, उजेडात पुन्हा पक्कं करायचं, रंग द्यायचा. आधी असे छापलेले दात तात्पुरते असायचे, खरा दात येईपर्यंत. आता जे रेझिन आलं त्याचे कायमचे करता येतात. कायमचे म्हणजे आमच्या धंद्यात बरीच वर्षं. मोठेबाबांना पुरेल, काळजी करू नकोस.

सगळ्यात नाजूक काम आतल्या बाजूचं. दात कोरून जो खुंट उरतो, त्याच्यावर टोपी बसावी तशी ही कॅप बसते. बाहेरून दहा दात सारखे दिसतील, आतून प्रत्येकाचा वेगळा. मोठेबाबांची कॅप दुसऱ्या कुणाच्या खुंटावर बसणारच नाही.

आणि त्या खाचेवरून मॅडम माझ्यावर चिडल्या होत्या, बरं का. लोक पैसे देऊन दात सरळ करून घेतात आणि तू मुद्दाम वाकडा करतेस, म्हणाल्या. पण मोठेबाबा खुर्चीत बसून म्हणाले ना, "माहा दात माह्यासारखा पाहिजे." आई गेल्यावर मला तुमच्या घरी आणलं तेव्हा ते मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं.

अंकुरदादाला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको. आजार आहे तो.

तुझी प्रेरणा


राळेगाव
१२ सप्टेंबर २०२४

चि. प्रेरणास आशीर्वाद.

अंकुरनं तुले फोनवर सांगतलंच असन. तुहे मोठेबाबा अजून भेटले नाही.

तुले सगळं नीट सांगते, कारण अंकुर घाईघाईत बोलते. पोळ्याच्या दिवशी गावात बैलं सजून निघाले. आपल्या घरी आता ट्रॅक्टर हाय, मातीच्या बैलाची पूजा केली, पुरणाचा निवद दाखवला. हे सारखे कोठ्यात जाऊन पाहे अन् मले विचारे, "मोऱ्या कुठं गेला?" मोऱ्या बैल मरून वर्षं झाले. मी म्हणलं, "चराले गेला." काय बोलणार होती? मेला म्हणलं का रडत बसते, अन् थोड्या वेळानं पुन्हा विचारते. रोज रोज तेच दुःख कायले द्यायचं म्हणून मी म्हणलं, चराले गेला.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीत पोट्टे लाकडाचे बैल घेऊन फिरत होते. मी वडे तळत होती. हे खुंटीवरचं दावं घेऊन निघाले. मी पाह्यलं जातानी. म्हणलं, "कुठं?" तर म्हणे, "मोऱ्याले आणतो." मले वाटलं कोपऱ्यावरून येतील परत, रोज येते तसे. तिकडून पाणी सुरू झालं, नाल्याले पूर आला.

अंकुर गाडीवर फिरून फिरून काळा पडला. बाभुळगाव, कळंब, सगळे स्टँड, सगळे देवळं पाह्यले. पोलिसात तक्रार देल्ली. कोणाले काही भेटलं नाही, दावंही नाही अन् चप्पलही नाही.

माय, तुह्या मशीनीत त्याईचं तोंड हाय ना? ते पोलिसाले दे. चेहरा तर म्हाताऱ्याईचा सगळा सारखाच दिसते. दातानं कोणी ओळखन. हासले का ओळखनच.

मोठीआई


यवतमाळ
१८ ऑक्टोबर २०२४

ती. मोठ्याआईस नमस्कार.

घाबरू नकोस. आधी चांगली बातमी देते, मग बाकीचं.

गेल्या आठवड्यात पोलिसांनी अंकुरदादाला बोलावलं होतं, ते त्यानं तुला सांगितलं नाही. पलीकडच्या तालुक्यात नाल्याच्या काठी एका म्हाताऱ्या माणसाचा देह सापडला होता. पाण्यात राहून चेहरा गेलेला, अंगावर कपडा नाही. दादा जाऊन आला, त्याला काही सांगता येईना. त्या माणसाच्या वरच्या समोरच्या दातावर कॅप होती, म्हणून पोलिसांनी मला दातांचा फोटो पाठवला.

फोटो उघडला आणि जीव भांड्यात पडला. ते आपले मोठेबाबा नाहीत! त्या कॅपची कड सरळ सपाट आहे. खाचेचा मागमूस नाही. मोठेबाबांची खाच मी माझ्या हाताने काढली आहे, ती मला डोळे मिटले तरी दिसते. अशा सरळ कॅपा हजारो लोकांच्या तोंडात असतात. मी पोलिसांना तसं लिहून दिलं.

दादालाही फोनवर सांगितलं आहे.

म्हणजे ते कुठेतरी आहेत, मोठ्याआई. कुणीतरी त्यांना जेवू घालत असेल. तू मात्र उपास करणं बंद कर. दिवाळी आली आहे, दादाच्या लेकरांना काहीतरी गोड कर आणि तूही खा.

तुझी प्रेरणा


राळेगाव
२६ ऑक्टोबर २०२४

चि. प्रेरणास लाख आशीर्वाद.

पोरी, तुह्या तोंडात साखर पडो! तुहं पत्र मी तीनदा वाचलं. मंग अंकुरले धरून बदडलं, मले न सांगता गेलता म्हणून. मंग दोघंही हासलो. पोळ्यानंतर पहिल्यांदा या घरात कोणी हासलं. आज रव्याचे लाडू केले, चार त्याईच्या नावाचे डब्यात झाकून ठेवले.

त्या बिचाऱ्या माणसाचं मात्र वाईट वाटते. कोणाचा तरी बाप असन, कोणाचा नवरा असन. त्याचं कोणीच आलं नाही. अंकुर म्हणते, सरकारनंच त्याले बेवारस म्हणून जाळून टाकलं. मी देवाजवळ त्याच्या नावानं एक दिवा लावला. म्हणलं, बाबा, कोणी नसन तर मी हाय.

आता तुले एक गोष्ट सांगते, रागवू नको. तू एवढं खाचेचं कौतुक लिहिलं, मंग मलेच राहवलं नाही. ती खाच त्याईनं ठेवली नाही बाई. जिभेले लागे, अन् राखीच्या आधी तर जिभेले फोड आला. एक दिवस पाह्यते तर हे अंगणात आरसा घेऊन बसले अन् सुताराच्या पॉलिश पेपरनं दात घासून राह्यले! मी आरडाओरडा केला, तवर सगळी कड सफाचट. मले म्हणे, "हा माहा दात नोहे, कोणी बसवला?" दोन महिने कौतुक केलं अन् विसरून गेले. तुले सांगतलं नाही, म्हणलं एवढ्या मेहनतीनं केलेला दात, पोरगी नाराज होईन. परत आले का तू पुन्हा काढून दे, यावेळी बारीक काढ.

फराळाचा डबा एसटीनं पाठवून राह्यली. कंडक्टर आपल्या वळखीचा हाय, स्टँडवरून घेऊन ये.

तुही मोठीआई


यवतमाळ
६ नोव्हेंबर २०२४

अंकुरदादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. मी परवा तुला एवढंच बोलले की मी चुकले, आणि तू फोन ठेवलास. पूर्ण ऐकायचा तुझा हक्क आहे.

मोठ्याआईचं पत्र फराळाच्या डब्याच्या एक दिवस आधी आलं. मोठेबाबांनी पॉलिश पेपरने खाच घासून टाकली होती, ते तिनं त्यात लिहिलं. ज्या खाचेवरून मी "नाही" म्हटलं होतं, ती खाच त्यांच्या तोंडात राहिलीच नव्हती.

मी दुसऱ्याच दिवशी, देह सापडला त्या तालुक्याच्या दवाखान्यात गेले. ओळख पटली नव्हती म्हणून डॉक्टरांनी जबड्याचा तेवढा तुकडा राखून ठेवला होता. मी इथून मोठेबाबांच्या खुंटाचा नमुना छापून नेला होता. डॉक्टरांनी कॅप काढून माझ्या हातात दिली. मी ती नमुन्यावर ठेवली आणि ती बसली, दादा. हललीसुद्धा नाही.

आतल्या बाजूचं महत्त्व मी स्वतः मोठ्याआईला कौतुकाने लिहिलं होतं. आणि वेळ आली तेव्हा बाहेरची कड पाहून मोकळी झाले. का, तर मला नाहीच म्हणायचं होतं. फोटो उघडायच्या आधीपासून मी नाही म्हणत होते. मी थांब म्हटलं असतं, कॅप हातात घेऊन पाहते म्हटलं असतं, तर चार दिवसांनी त्यांना बेवारस म्हणून जाळलं नसतं. तू अग्नी दिला असतास.

तुझ्या रक्ताचा नमुना पोलिसांनी मागितला आहे, तो देऊन ये. अहवाल यायला वेळ लागेल, पण मला त्याची गरज नाही. मोठ्याआईला कधी सांगायचं?

प्रेरणा


राळेगाव
१४ नोव्हेंबर २०२४

प्रेरणा,

फोनवर मले बोलता येत नाही, रडू येते अन् आई पाहते. रक्त देऊन आलो.

आईले सांगू नको. तुले माही शपथ हाय. ती रोज ताट वाढते त्याईचं. डब्यात लाडू ठेवते, खराब झाले का फेकते अन् नवे करते. तिले काय सांगू? का तुह्या नवऱ्याले बेवारस जाळलं अन् मी दहा कोसावर वखर चालवत होतो? ती जागच्या जागी जाईन.

त्या देहाजवळ मी उभा होतो प्रेरणा. माह्या बापाजवळ उभा होतो अन् मले समजलं नाही. तुह्या फोटूचं सोड.

भाऊबंदात बोलतो. पळसाच्या पानाचा पुतळा करून अग्नी देता येते, ज्याचा देह भेटत नाही त्याचा करतात. तिच्या मनाची हळूहळू तयारी करू. तवर गप राय.

अंकुर


राळेगाव
३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

दिवाळीपासून तुहे दोनच कार्ड आले, अन् दोन्हीत "बरी हाय, तू बरी राय" याच्यावर काही नाही. तूही बदलली का?

बदलायचीच वेळ हाय म्हणा. पोटचा पोरगा बदलला, तू तर पुतणी. अंकुरनं काल भाऊबंद बसवले घरात. म्हणे, पळसाचा पुतळा करू, नारळाचं डोकं करू, दाताच्या जागी डाळिंबाचे दाणे लावू, अन् अग्नी देऊ. कोणाले अग्नी? जित्या माणसाले? ज्याचा पत्ता नाही त्याची बारा वर्षं वाट पाहतात म्हणे, याले सहा महिने दम निघाला नाही. मी त्याले सगळ्याईसमोर म्हणलं, "सरळ सांग ना, बापाचं नाव सातबाऱ्यावरून काढायचं हाय अन् तुहं लावायचं हाय." तो मान खाली घालून बसला. खरं असल्याबिगर कोणी गप बसते का?

आता मी त्याच्या चुलीवरचं खात नाही. मांगच्या खोलीत माही वेगळी भाकर टाकते. सुनेशी बोलत नाही, लेकरं येते तर त्याईलेही परत पाठवते. मले काय सुख वाटते असं करून? पण ज्यानं बापाचा पुतळा जाळाले काढला, त्याच्या घरात कशी खाऊ?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाले मी घरोघर गेली. नवी हिरवी बांगडी भरली. भागीरथाच्या घरी दोघीतिघी माह्याकडं पाहून कुजबुजल्या. मी मुद्दाम मोठं कुंकू लावून पुन्हा गेली.

धनसिंगचा पोरगा माहूरले गेलता, तो म्हणे, तिथं जेवणाच्या पंगतीत असाच एक म्हातारा पाह्यला, समोरचा दात लय पांढरा. मी ठरवलं. शिवरात्र झाली का माहूरले जाते अन् तिथंच राह्यते. भेटले तर घेऊन येईन. नाही भेटले तर तिथंच बसून राहीन, या घरात परत येत नाही. गुडघे चालत नाही, पण बसाले गुडघे कायले लागते?

तू एवढं कर. अंकुरले लिही. म्हणाव, मी दात पाह्यला हाय, तो आपल्या बाबाचा नोहे, बाबा जिवंत हाय. तुहं तो ऐकन. तुह्याशिवाय माह्या बाजूनं बोलणारं कोणी राह्यलं नाही.

मोठीआई


यवतमाळ
११ फेब्रुवारी २०२५

ती. मोठ्याआईस,

हे पत्र अंकुरदादाच्या हाती देते आहे. तू वाचेपर्यंत तो दारात बसेल. मी स्वतः यायला हवं होतं. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि समोर आले तर तुझ्या कपाळाकडे पाहून माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. बस आधी. मग वाच.

मोठेबाबा गेले, मोठ्याआई. नाल्याच्या काठी जे सापडले होते ते मोठेबाबाच होते. मी नाही म्हटलं, ते चुकीचं होतं. मी फोटोत खाच शोधली, खाच दिसली नाही म्हणून नाही म्हटलं. खाच त्यांनी घासून टाकली होती हे मला तुझ्या पत्रातून कळलं, तेव्हा उशीर झाला होता. कॅप मी नंतर हातात घेऊन त्यांच्या खुंटाच्या नमुन्यावर बसवून पाहिली. ती त्यांचीच आहे. दादाच्या रक्ताचा अहवालही गेल्या महिन्यात आला, तोही तेच सांगतो. माहूरला जाऊ नकोस. तिथे ते नाहीत.

मला हे नोव्हेंबरपासून माहीत आहे. दादालाही. तुला धक्का सोसणार नाही म्हणून त्यानं मला शपथ घातली, आणि खरं सांगायचं तर मला ती शपथ सोयीची वाटली. तुला सांगायचं म्हणजे माझ्यामुळे ते बेवारस म्हणून गेले, हेही सांगावं लागलं असतं.

दादाला जमीन नको आहे. तू भाऊबंदांसमोर त्याला बोललीस तेव्हा एका वाक्यात तो सुटला असता. तुझ्यासाठी त्यानं ते ऐकून घेतलं. मला काय बोलायचं ते बोल, पण त्याच्या हातचं जेव.

ओळख पटावी म्हणून डॉक्टरांनी जबड्याचा एक तुकडा राखून ठेवला होता, तो पोलिसांनी दादाच्या ताब्यात दिला आहे, दातासकट. दादानं तो माझ्याकडे ठेवला होता. आज पत्राबरोबर पाठवते आहे. लाल कापडात आहे. तुझी इच्छा असेल तरच उघड.

प्रेरणा


राळेगाव
४ मार्च २०२५

प्रेरणास,

तुले उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. लय दिवस मी तुह्याशी मनातल्या मनात भांडली. तू गेली असती समोरून तर तुले झोडपलं असतं. तू चुकली त्याचा राग नाही. माणूस चुकते. पण मले तुमी दोघाईनं कुंकू लावून गावभर फिरू देल्लं. माहा माणूस जाऊन राख झाला अन् मी हिरव्या बांगड्या भरून तीळगूळ वाटत होती. भागीरथाच्या घरच्या बाया काय कुजबुजत होत्या ते आता समजलं. लोकाईले समजलं होतं, मलेच नव्हतं. मले रडाचा हक्क होता, तो तुमी ठेवून घेतला. हे मी विसरणार नाही, अन् तूही विसरू नको.

अंकुर दारात बसला होता. वाचून झालं तवा मी उठली अन् त्याच्या गालात एक ठेवून देल्ली. मंग त्याले कवटाळलं. तो म्हणे, "आई, मी बाजूले उभा होतो तरी बाबाले ओळखलं नाही." मी म्हणलं, "तुले तुह्या बापानं ओळखलं नव्हतं, तवा तू कुठं रागावला?" त्या दिवशी सुनेच्या हातची भाकर खाल्ली.

परवा पुतळा केला. पळसाचे पानं वावराच्या धुऱ्यावरून आणले, ते झाड त्याईनंच राखलं होतं. भटजीनं डाळिंबाचे दाणे काढले तवा मी म्हणलं, थांबा. लाल कापड मी उघडलं, बाई. भेव वाटन असं वाटलं होतं, पण नाही वाटलं. दात पाह्यला. त्याची घासलेली कड बोटानं पाह्यली, एका अंगाले जास्त घासली होती. काम धड कधी करतच नव्हते. मी तो माह्या हातानं त्या पानाच्या तोंडात ठेवला. अंकुरनं अग्नी देल्ला. कुंकू मीच पुसलं, दुसऱ्या कोणाले हात लावू देल्ला नाही.

खाच घासली ते मी तुह्यापासून लपवलं, का तर तुले वाईट वाटू नये. अंकुरनं माह्यापासून लपवलं, तेही तेच. अन् मी त्याईले म्हणत होती, मोऱ्या चराले गेला. तो मेला हाय हे एकदा रडून सांगतलं असतं तर ते दावं घेऊन गेले असते का? मले माहीत नाही. सारखं हेच डोक्यात फिरते.

आता माहं काम ऐक. सोमवारी अंकुर मले यवतमाळले आणून राह्यला. दात दुखून नाही राह्यले. तरी तू डॉक्टरबाईले सांगून तो पेनासारखा कॅमेरा माह्या तोंडात फिरव, अन् सगळं तोंड तुह्या मशीनीत ठेव. मांगच्या आठवड्यात मी एकाच भाजीत दोनदा मीठ टाकलं. मंगळवारी चौकातून घराकडं येतानी मले आपली गल्लीच समजली नाही. तिथंच उभी राह्यली. लखीरामच्या सुनेनं हात धरून घरी आणलं. अंकुरले अजून सांगतलं नाही, पण सोमवारी तुह्यासमोर सांगीन. लपवाचं नाही आता काही.

मी उद्या कुठं निघून गेली, अन् कोण्या पोलिसानं तुले फोटू दाखवला, तर घाई करू नको. हातात घेऊन पाह्यजो. अन् मी असली तर हो म्हणजो, पोरी, मनाले कितीही नाही वाटलं तरी हो म्हणजो. मले घरच्याईच्या हातानं जायचं हाय.

आधी तेवढं काम कर. मंग आपण दोघी बसून रडू. तुह्याबिगर मले नीट रडताच येऊन नाही राह्यलं.

तुही मोठीआई